रिकामे ताट परत करू नका

आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला संमेलनांचे वेड आहे, हे आमचे निंदकही मान्य करतील. २०१० च्या डिसेंबरात चौऱ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरले, २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे डोंबिवलीत भरले. दोन्ही वेळा आम्ही मांडवात दाटीवाटीने बसून परिसंवाद ऐकले, अध्यक्षीय भाषणावर वाद घातले आणि ग्रंथप्रदर्शनात खिसे रिकामे केले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. पाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा डोंबिवलीने १९९९ साली पाडली आणि गावोगावच्या मराठी माणसांनी ती उचलली. चार डोकी एकत्र जमवून काही चांगले करावे, ही हौस आमच्या रक्तातच आहे म्हणाना!

असे असूनही एका जातीच्या संमेलनाकडे आमचे पाय वळत नाहीत. आणि गंमत अशी, की आमच्या इमारतींतील कितीतरी घरांची चूल त्याच संमेलनवाल्यांच्या जिवावर पेटते. मी बोलतो आहे ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या परिषदांविषयी. सकाळच्या लोकलमध्ये खांद्यावरची बॅग पोटाशी धरून उभी असलेली जी तरुण मंडळी ऐरोलीला, महापेला, पवईला किंवा वागळे इस्टेटला उतरतात, त्यांचे दिवसभराचे काम या सॉफ्टवेअरच्या पायावर उभे असते. मी स्वतः गेली वीस वर्षे याच धंद्यात आहे. माझ्या घरातले तांदूळ त्यातूनच येतात. तेव्हा हे मी बाहेरून बोलत नाही.

वाचकहो, विषय रुक्ष आहे असे समजून पान उलटू नका. दिवाळीच्या दिवसांत याहून सोपा विषय नाही. समजा, तुम्ही दुकानातून चकली आणली. ती खाता येते. पण तिच्यात काय घातले आहे, भाजणी किती भाजली आहे, हे दुकानदार सांगत नाही. उलट शेजारच्या वहिनींनी चकलीबरोबर भाजणीचे प्रमाणही लिहून दिले आणि वर म्हणाल्या, "तुम्हांला तिखट चालत नसेल तर कमी घाला, आणि कोणी मागितले तर त्यांनाही द्या," तर तो झाला ओपन सोर्स. सॉफ्टवेअरची कृती उघडी ठेवायची, ती कोणालाही वाचू द्यायची, बदलू द्यायची, पुढे देऊ द्यायची, एवढाच त्याचा अर्थ. १९८३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असे मुक्त सॉफ्टवेअर उभारण्याची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतला लिनस टॉर्वाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनक्सचा पहिला गाभा घेऊन पुढे आला. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ सालचे.

आज त्याचा पसारा किती आहे? तुमच्या घरातील अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरापासून लिनक्सखेरीज दुसरे काही नाही. २०२१ च्या एप्रिलात मंगळावर इन्जेन्युइटी नावाचे चिमुकले हेलिकॉप्टर उडाले, तेही याच सॉफ्टवेअरच्या बळावर. आणि ज्यांच्या हातचा कोड त्या उड्डाणाच्या कामी आला अशा जवळजवळ बारा हजार माणसांची नावानिशी नोंद झाली. ही बारा हजार माणसे काही एका कंपनीच्या पगारावर नव्हती. कोणी विद्यार्थी, कोणी नोकरदार, कोणी आपल्या हौसेखातर रात्र जागवणारा.

आता माझा मुद्दा सांगतो. आपल्याकडे शेजारणीने फराळाचे ताट पाठवले, तर ते रिकामे परत करीत नाहीत. दुसरे काही नसेल तर चमचाभर साखर घालून परत करतात. ही रीत कोणी कायद्याने घालून दिलेली नाही. ती आजीने आईला सांगितली, आईने आपल्याला. जगाच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमधील माओरी लोकांतही अशी रीत आहे. परतफेडीची जाण ठेवून दिलेल्या देणगीला त्यांच्या भाषेत 'कोहा' म्हणतात. तेथील होरोव्हेनुआ नावाच्या भागातील ग्रंथालयांनी जुनी यंत्रणा सन दोन हजारच्या तारखांपुढे टिकणार नाही म्हणून नवे सॉफ्टवेअर करवून घेतले, २००० च्या जानेवारीत ते चालू केले आणि जगाला उघडे करून दिले. नाव ठेवले 'कोहा'. आज भारतातल्या अनेक ग्रंथालयांची पुस्तके तेच मोजते. एका छोट्या भागातील वाचनालयांनी जगाला ताट भरून दिले! आणि आम्ही? आम्ही रोज ताटांमागून ताटे उतरवून घेतो, चाटूनपुसून खातो आणि रिकामी ताटे दाराशी ठेवून देतो. माझे भांडण आहे ते या रिकाम्या ताटाशी.

ही देवघेव जेथे समोरासमोर होते, ती जागा म्हणजे या डेव्हलपरांच्या परिषदा. आपल्या देशात त्या नव्या नाहीत. बंगळूरला २००१ साली लिनक्सची मोठी परिषद सुरू झाली. पुढे २००५ पासून ती 'फॉस डॉट इन' या नावाने २०१२ पर्यंत भरत राहिली. तिचे सूत्रधार अतुल चिटणीस हे बेळगावात शिकलेले गृहस्थ. २०१३ साली ते गेले. नुसते वापरणारे पुष्कळ झाले, आता हातभार लावणारे हवेत, हा त्यांच्या परिषदेचा नंतरनंतरचा धोशा होता. पायथॉन या संगणकभाषेची अखिल भारतीय परिषद २००९ साली बंगळूरला सुरू झाली आणि पुणे, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी गावे फिरली. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक महाविद्यालयाने 'ग्नूनिफाय' भरवले. आणि अगदी आपल्या उंबरठ्याशी, पवईच्या आय. आय. टी. त, २०११ च्या डिसेंबरात वैज्ञानिक पायथॉनची 'सायपाय इंडिया' परिषद भरली आणि पुढेही भरत राहिली. पवई म्हणजे कांजूरमार्ग स्टेशन. आमची हजारो माणसे रोज त्या स्टेशनावरून जातात. गाडी तेथे थांबते. आम्ही मात्र मनाने थांबत नाही.

अशा परिषदांना जाणारे मुळीच नाहीत असे नाही. परंतु जाणाऱ्यांतही एक वर्ग असा आहे, की तो सकाळी टी-शर्ट घेतो, दुपारी जेवतो, संध्याकाळी फलकापुढे उभा राहून फोटो काढतो आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येतो. काही महाविद्यालये तर विद्यार्थ्यांना बसमधून आणून सभागृहात कोंबतात, कारण प्रमाणपत्राला गुण आहेत. हे लग्नाला जाऊन नवरा-नवरी न पाहता पंगतीवरून उठून येण्यासारखे झाले. ओपन सोर्सच्या परिषदेचे सार व्याख्यानांत नसते. व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. सार असते ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा टेबले जोडून माणसे खांद्याला खांदा लावून बसतात आणि एखाद्या सॉफ्टवेअरमधील चूक शोधून दुरुस्त करतात. पहिला दिवस परिसंवादाचा, दुसरा श्रमदानाचा. आम्ही परिसंवादाला टाळ्या देतो आणि श्रमदानाच्या दिवशी गाडी पकडतो.

गेल्या हिवाळ्यात उपनगरातल्या अशाच एका परिषदेत मी दुसऱ्या दिवशी भाषांतराच्या टेबलाशी बसलो. माझ्या शेजारी कल्याणच्या एका महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. सॉफ्टवेअरमध्ये एक इंग्रजी शब्द होता: 'डिलीटेड'. तिने थोडा विचार केला आणि मला विचारले,

"काका, इंग्रजीत हा एकच शब्द आहे. पण आपल्याकडे फोल्डर काढला, फाइल काढली आणि चित्र काढले. मी यांतले कोणते लिहू?"

किती साधा आणि किती मोलाचा प्रश्न! परदेशात बसून ज्याने तो शब्द लिहिला, त्याला मराठीची तीन लिंगे स्वप्नातही दिसली नसतील. आणि तो त्याचा दोषही नव्हे. मुलीने मूळ लेखकांना लिहिले, की हा शब्द एका ठिकाणी न ठेवता तीन ठिकाणी वेगळा करा. पोलंडमधल्या एका गृहस्थाने लगेच तिची बाजू घेतली, कारण त्याच्या भाषेतही हीच अडचण होती. पंधरा दिवसांत बदल मान्य झाला. कल्याणच्या मुलीने मराठीसाठी काढलेली वाट पोलिश भाषेलाही मिळाली. असा बदल सरकारी अर्जाने होत नाही, मोर्चाने होत नाही आणि वृत्तपत्रातल्या पत्रानेही होत नाही. ज्याला भाषा येते असा माणूस टेबलाशी बसावा लागतो.

आणि अशी कामे थोडीथोडकी नाहीत. संगणकाच्या अंकक्रमात 'ळ' हा 'ल' च्या शेजारी बसवलेला आहे. आपण तो 'ह' च्या नंतर शिकलो. हे संगणकाला वेगळे सांगितले नाही, तर वाचनालयाच्या याद्या आणि शाळेचे हजेरीपट चुकीच्या क्रमाने लागतात. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून निराळी. अक्षराच्या साच्यात ती मुद्दाम घालावी लागतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर 'अ' वर चंद्र चिकटवून वेळ भागवावी लागे. हे प्रत्येक काम कोणीतरी बसून केले म्हणून झाले. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' हा टंक खुला होता, म्हणूनच पवईच्या आय. आय. टी. तल्या अभ्यासकांना त्यावर संस्कृत ग्रंथांसाठी 'शोभिका' उभारता आला. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक सर्वांना मोकळे करून दिले. ताट भरून देणारे हात आपल्यातही आहेत. ते मोजके आहेत, एवढेच दुःख.

आता आमच्या मंडळींचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप: फुकट काम का करावे? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, फुकट घेताना हा बाणा कोठे जातो? शिवाय फुकटचे ते हलके, हा आमचा गैरसमज. २०२४ च्या मार्चमध्ये काय झाले ते ऐका. 'एक्सझेड' नावाचे, फाइली आवळून लहान करणारे एक छोटे सॉफ्टवेअर. जगभरच्या लिनक्समध्ये ते बसलेले, आणि त्याची देखभाल वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच थकलेल्या माणसाच्या माथी. खोटे नाव घेऊन कोणीतरी दोनेक वर्षे मदतनीस म्हणून त्याचा विश्वास संपादन केला आणि चोरदरवाजा बसवून दिला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामात नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याने खोदून पाहिले आणि चोरी उघडकीला आली. अर्ध्या सेकंदाने जग वाचले! त्या एकट्या माणसाला चार खरे मदतनीस मिळाले असते, तर खोट्याला जागाच उरली नसती. तुमच्या बँकेचे पैसे ज्या यंत्रांवर सांभाळले जातात, त्यांची राखण अशी चालते. हा धर्मादाय नाही. आपल्याच वाड्याची गस्त आहे.

दुसरा आक्षेप: कंपन्यांनी करावे. करावेच! त्यांनी नफा मिळवला आहे, त्यांचे देणे अधिक आहे. परंतु मी एका कंपनीत नोकरीला असताना आम्ही ओपन सोर्समधली एक चूक दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती परत पाठवू का असे विचारले, तर वरिष्ठांनी सांगितले, "त्यात आपला काय फायदा?" दुरुस्ती आमच्याच कपाटात कुजली, आणि पुढची आवृत्ती आली तेव्हा तीच चूक आम्हांला पुन्हा, पगारी वेळात, दुरुस्त करावी लागली. फायद्याचे गणित मांडणाऱ्यांना ही वजाबाकी येत नाही.

तिसरा आक्षेप: हा धंदा इंग्रजीचा, तेथे मराठीचे काय काम? संगणकभाषेतले शब्द इंग्रजी आहेत हे मला ठाऊक आहे. पण त्याविषयी बोलायला मराठी चालत नाही, हे कोणी ठरवले? एका परिषदेसाठी मी मराठीतून व्याख्यान देऊ केले, तर उत्तर आले, की श्रोते सर्व प्रांतांचे असतात. बरोबर आहे, बंगाली किंवा तमिळ पाहुण्यावर मराठी लादावी असे मी म्हणणार नाही. मोठ्या सभागृहात इंग्रजी खुशाल चालू द्या. पण मधल्या सुट्टीत जी मुले कोपऱ्यात उभी राहून मराठीतून भराभर शंका विचारीत होती आणि आत गेल्यावर मुकी होत होती, त्यांच्यासाठी बाजूची एक खोली मोकळी ठेवली असती तर कोणाचे काय बिघडले असते? पवईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने ओपन सोर्सचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत करून दाखवले आहेत. जे पाठात जमते, ते परिषदेत का जमू नये?

चौथा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यापुढे मी मान तुकवतो: वेळ कोठे आहे? जो माणूस रोज तीन तास गाडीत लोंबकळतो, त्याला रविवारी पुन्हा बॅग उचलून मुंबईला चल म्हणणे हा अन्याय आहे. बाईमाणसाला तर रविवार म्हणजे दुप्पट काम. म्हणूनच माझे म्हणणे असे, की माणसाने परिषदेकडे धावण्यापेक्षा परिषद माणसाकडे यावी. पंचतारांकित हॉटेल लागत नाही. डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात शाळा आहेत, ग्रंथालये आहेत, मंडळांची सभागृहे आहेत. वीज, इंटरनेट, जोडलेली टेबले आणि चहा, एवढ्यावर काम भागते. आणि या टेबलाशी फक्त संगणकवाले नकोत. निवृत्त मराठीच्या बाई हव्यात, कारण 'जतन करा' आणि 'साठवा' यांतला फरक त्यांना कळतो. मुद्रितशोधक हवा, ग्रंथपाल हवा. नववीतली मुलगीही हवी, कारण फोनमधले मराठी कोठे बोबडे आहे हे तिला सर्वांत आधी दिसते. घरातली तीन पिढ्यांची माणसे एका कामाला बसू शकतील, असा याहून चांगला उद्योग मला तरी माहीत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण अभिजातपणा ही मागच्या दोन हजार वर्षांची पावती आहे. पुढच्या वर्षांचे काय? आपला नातू ज्या पडद्यापुढे दिवसाचे सहा तास बसणार आहे, त्या पडद्यावर मराठी असेल की नाही, असली तर ती शुद्ध असेल की हिंदीचे लुगडे नेसवलेली, हे दिल्लीत ठरणार नाही आणि साहित्य संमेलनाच्या ठरावांतही ठरणार नाही. ते अशा टेबलांवर ठरते आहे, आज, या घटकेला. जो तेथे बसतो त्याचे म्हणणे राहते. जो बसत नाही, त्याच्या वतीने दुसरा कोणी ठरवतो. नाहीतर कोणीच ठरवीत नाही, आणि ते अधिक वाईट.

वि. ल. भावे ठाण्याला बसून जुन्या पोथ्या जमवीत होते, तेव्हा त्यांनी 'यात आपला काय फायदा' असे विचारले असते, तर 'महाराष्ट्र सारस्वत' झाले नसते आणि ठाण्याचे ग्रंथसंग्रहालयही उभे राहिले नसते. त्या पिढीने कागदावरची मराठी सांभाळली. पडद्यावरची सांभाळण्याची पाळी आपली आहे, आणि ती टाळण्यासाठी आपल्याजवळ एकही सबब उरलेली नाही.

तेव्हा माझे मागणे एवढेच. दिवाळीची सुट्टी संपली, की आपल्या मंडळाच्या, वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या पुढच्या सभेत हा एक विषय घाला: वर्षातून दोन रविवार सभागृह या कामासाठी मोकळे. ज्यांच्या घरी संगणकात काम करणारा मुलगा किंवा सून असेल, त्यांनी त्यांना शिकवायला बसवावे. ज्यांना शुद्ध मराठी येते, त्यांनी शेजारी बसावे. मी डोंबिवलीत आहे. टेबले उचलायला मी येईन.